चांदबीबी महालावरचे फुरसे

नगरमध्ये बासी ईद म्हटली की आमच्या घरच्यांना शीरखुर्म्याचा डबा घेऊन चांदबीबी महाल गाठायचा असतो. (नाव चांदबीबीचे असले तरी हा अष्टकोनी मकबरा निजामशाहीतील वजीर सलाबत खानाचा. हे आम्ही दर खेपेला सांगतो, मुले दर खेपेला विसरतात.) या वेळी दस्तरखानच्या कोपऱ्यावर ठेवायला दगड उचलला आणि खालून करवतीसारखा आवाज आला. जेमतेम फूटभर लांबीचे फुरसे वेटोळी घासत बसले होते.

मामूंनी काठी घेतली. फुफी म्हणाल्या, "मारू नका, बरणीत घालून लांब सोडा." आम्ही दोघांनाही अडवले आणि दस्तरखानच हलवला. थोड्या वेळाने ते कपारीत शिरले.

परतीच्या वाटेवर वाद रंगला. मामूंचा आधार कच्चा नव्हता. मिना येथील गुहेत साप निघाला तेव्हा हुजूर (सल्ल.) यांनी मारायला सांगितले होते, हे बुखारी शरीफमध्ये आहे. पण साप निसटल्यावर, तो तुमच्या उपद्रवातून वाचला आणि तुम्ही त्याच्या, असेही त्यांनी फर्मावले. मदिन्यातील घरांत दिसणाऱ्या सापांना तर आधी तीन दिवस ताकीद देण्याचा हुकूम आहे. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे हौसेने साप मारणे किंवा पकडणे गुन्हा ठरू शकतो.

फुफींचा उपाय दयेचा वाटतो, पण तो सापाच्या जिवावर उठतो. दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी जागी भटकतो आणि अनेकदा मरतो, असे रेडिओयंत्र लावून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. इकडे दगड आणि पाली तशाच राहतात, म्हणून दुसरे फुरसे येते. आणि बरणीत घालणाराच बहुधा चावून घेतो!

शहरातल्या बागेत घसरगुंडीखाली नाग निघाला तर मात्र आम्ही फुफींच्या बाजूचे. तिथे लेकरे रोज खेळतात. वनखात्याला 1926 वर कळवावे, जाणकाराने तो उचलावा, पण जवळच्याच रानात सोडावा. आणि बागेत उष्टे टाकू नये. उष्ट्यावर उंदीर येतात, उंदरांमागे नाग.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली. दंश झाला तर चिरा, आवळपट्टी, झाडफूक यांत वेळ न घालवता 108 ला फोन करावा. दुआ वाटेत करता येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही.

मामूंना हे सारे पटलेले नाही. पण बकरी ईदला जाताना सर्वांनी बूट घालायचे, एवढे त्यांनी कबूल केले आहे.