शहरी वायुप्रदूषण आणि मानसिक आरोग्य

शहरी वायुप्रदूषण आणि मानसिक आरोग्य यांचा परस्परसंबंध हा पर्यावरणीय आरोग्य व मनोविकारशास्त्र या दोन्ही शाखांत मोडणारा अभ्यासविषय आहे. प्रदूषित हवेचे फुप्फुसे व हृदय यांवरील दुष्परिणाम पूर्वीपासून ज्ञात आहेत. नैराश्य, चिंताविकार व स्मृतिभ्रंश यांच्याशी असलेला तिचा संबंध मुख्यतः एकविसाव्या शतकात अभ्यासला गेला.

संभाव्य कारणे

२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या धूलिकणांना पीएम २.५ म्हणतात. हे कण फुप्फुसांत खोलवर पोहोचून दाह निर्माण करतात व त्याचे परिणाम रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. अतिसूक्ष्म कण गंधचेतेच्या मार्गाने थेट मेंदूत शिरत असावेत, असेही मानले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील मृत व्यक्तींच्या मेंदूंत मॅग्नेटाइटचे गोलसर सूक्ष्मकण आढळले. त्यांचे स्वरूप ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी जुळणारे होते.

संशोधन

१६ देशांतील अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हवेतील पीएम २.५ चे दीर्घकालीन प्रमाण प्रति घनमीटर १० मायक्रोग्रॅमने अधिक असल्यास नैराश्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळते. २०२० मध्ये 'द लॅन्सेट'च्या आयोगाने वायुप्रदूषणाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखीम घटकांत केला.

मर्यादा

बहुतांश अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यांतून सहसंबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना धुराबरोबरच गोंगाट, अपुरी झोप, दाटीवाटी आणि अनेकदा दारिद्र्य यांनाही तोंड द्यावे लागते. या घटकांचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते. शिवाय माणसांना हेतुपुरस्सर प्रदूषित हवेत ठेवून दीर्घकालीन प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या अशक्य आहे.

भारतातील स्थिती

पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीसाठी भारतीय मानक प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. शहरांतील हवा सुधारण्यासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली 'सफर' ही प्रणाली मुंबई, पुणे, दिल्ली व अहमदाबाद येथील हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देते. २०१५ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या सहा श्रेणींसोबत दिलेल्या आरोग्यसूचना मात्र प्रामुख्याने श्वसन व हृदय यांच्या विकारांपुरत्या आहेत. मानसिक आरोग्याचा त्यांत उल्लेख नाही.