सामना दिल्लीला, सोयाबीन रानात

सन 2017 च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. 5 तारखेला दुपारी आमच्या भागात विजांसह पाऊस झाला. दिवस सोयाबीन काढणीचे. कुणाचे उभे, कुणाचे कापून पडलेले, कुणाची गंजी मळणीयंत्राची वाट बघत असलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोटारसायकल काढली आणि भिजलेले पीक बघत गावोगाव फिरू लागलो. या भागात मी तेव्हा नवीनच रुजू झालो होतो.

कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका गावी ओढ्याकाठी दोन राने शेजारी शेजारी आहेत. एका रानातली गंजी दोन-दोन ताडपत्र्यांखाली कोरडी ठणठणीत. कडेने दगड लावलेले, वर दोर आवळलेला. शेजारची गंजी मात्र बुडापर्यंत भिजलेली. तिचे मालक सत्तरीकडे झुकलेले आबा. गळ्यात माळ. ते ओले सोयाबीन फोडून बांधावर पसरत होते.

मी विचारले, "आबा, ती कोरडी गंजी कुणाची?"

"तात्याची."

"मग तात्या कुठं आहेत? तुम्हाला हात लावायला आले नाहीत?"

"तो दिल्लीला गेलाय. फुटबॉल बघाय."

वडगावच्या बाजाराला गेलाय म्हणावे अशा आवाजात त्यांनी हे सांगितले. मला आधी थट्टाच वाटली. भर सुगीत अडीच एकराचा शेतकरी चेंडूचा खेळ बघायला दिल्लीला जातो, आणि त्याची गंजी झाकणाऱ्या शेजाऱ्याची स्वतःची गंजी भिजते! खरे सांगायचे तर त्या न पाहिलेल्या तात्यांचा मला रागच आला. पुढे ओळख झाली, दोन प्रवास ऐकले, एक प्रवास त्यांच्याबरोबर केला, तेव्हा हिशोब वेगळा आहे हे कळले. तो हिशोब शेतकरी बंधूंपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

कोल्हापूर म्हटले की लोकांना कुस्ती आणि तांबडा रस्सा आठवतो. पण या शहराचे फुटबॉलचे वेड संस्थानी काळापासूनचे आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 सालची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी तालमी-मंडळांची नावे घेतली की पेठापेठांत अजून भांडण लागते. तात्या शाळेसाठी चार वर्षे मामाकडे पेठेत राहिले, आणि मामाचा संघ तो त्यांचा संघ झाला. तो कुठला हे मी लिहीत नाही. बाकीच्या पेठांतल्या लोकांशीही मला बोलायचे असते.

शाहू स्टेडियमवरचा सामना म्हणजे तात्यांच्या लेखी घरचा सामना. दुपारी बसने जायचे, बघायचा आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचे. खरा कस लागतो तो परगावच्या सामन्याला. गडहिंग्लज हेही फुटबॉलचे गाव. तिथे दिवाळीच्या सुमारास स्पर्धा भरते. तात्या तिथे जातात तेव्हा त्यांचे दोन नियम असतात. एक, झेंडा न्यायचा नाही. दुसरा, आपल्या टोळक्यात बसायचे नाही, चहाच्या गाड्याजवळ उभे राहायचे. "टोळक्यात बसलं की तोंड सुटतंय, साहेब. तोंड सुटलं की दगड सुटतोय. मग बघायला ऱ्हातंय काय?" कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडीने सामने थांबलेले त्यांनी पाहिले आहेत. त्याविषयी ते फार बोलत नाहीत.

आता दिल्ली. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे सामने आधी नवी मुंबईत व्हायचे होते. तात्यांच्या मनात तेच होते. रात्री बसायचे, सकाळी उतरायचे. मग ते सामने दिल्लीला गेले. बरोबरच्या दहा-बारा जणांतले पाचच उरले. पुतण्याने मोबाईलवर तिकिटे काढली.

बुधवारी, 4 तारखेला रात्री मिरजेतून गोवा एक्सप्रेस. दोन रात्री गाडीत. बरोबर भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि काकूंनी दिलेल्या दशम्या. शुक्रवारी सकाळी निजामुद्दीनला उतरले. तिथून जवाहरलाल नेहरू स्टेडियम जवळच आहे. रात्री आठच्या सामन्यासाठी माणसे दुपारपासूनच बाहेर येऊन बसली. शाळाशाळांतून हजारो पोरे बसने आणलेली. पंतप्रधान आलेले. तात्यांची जागा अगदी वर. "तोंड दिसत न्हवतं. नंबरावरनं ओळखला. पण आपल्या जिल्ह्याचं पोरगं अमेरिकेच्या पोरास्नी भिडतंय, हे डोळ्यानं बगितलं."

सामना भारत 0-3 हरला. पहिला गोल पेनल्टीवर. दोन गोल झाल्यावर अन्वर अलीचा एक फटका आडव्या दांडीला लागून परत आला, आणि तोच चेंडू घेऊन अमेरिकेने पलीकडे तिसरा गोल केला. तो फटका तात्या अजून हाताने दाखवतात. वितीएवढे अंतर.

परगावी हरण्याचे दुःख वेगळे असते असे त्यांचे म्हणणे. कोल्हापुरात हरले तर दोन तासांत घरी जेवायला बसता येते, बायको दोन शब्द बोलते आणि विषय संपतो. दिल्लीत हरल्यावर रात्र फलाटावर काढायची, दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी धरायची आणि पुढची रात्र आणि दिवस त्याच पाच तोंडांकडे बघत यायचे. भोपाळपर्यंत कुणी कुणाशी बोलले नाही. मनमाडच्या पुढे एकाने चटणीची पुडी सोडली तेव्हा पहिला शब्द निघाला. आणि घराकडे पाऊस झाल्याचे तात्यांना तोवर फोनवर कळले होते.

येण्याजाण्याचा खर्च सगळा मिळून साडेतीन हजार झाला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला 3050 रुपये होता, आणि ओल्या मालाला बाजारात तेवढा कोण देतो? म्हणजे एका सामन्यापायी क्विंटलभराहून अधिक सोयाबीन गेले. हे मी त्यांना एकदा मांडून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, ह्ये पैशाचं झालं. आबाचं कुठं धरलंसा?"

तर आबांचे असे. तात्या आणि आबा यांचा पैरा आहे. पैरा म्हणजे एकमेकांच्या कामाला जाण्याची आपली जुनी रीत. बैलांचा पैरा सगळ्यांना ठाऊक आहे. या दोघांचा पैरा मात्र गैरहजेरीचा आहे. आबा वारकरी. दरवर्षी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जातात, म्हणजे तीन आठवडे. तेही नेमके पेरणीच्या तोंडावर. 2017 साली आषाढी 4 जुलैला होती, त्यामुळे आबा जूनच्या मध्यावरच निघाले. मागे त्यांच्या रानाची पेरणी तात्यांनी केली. त्याच्या बदल्यात तात्या सामन्याला गेले की आबांनी रान बघायचे. आबांना फुटबॉलमधले काही कळत नाही आणि तात्या कधी वारीला गेलेले नाहीत. गरजही पडली नाही.

5 तारखेला आभाळ भरून आले तेव्हा आबांकडे स्वतःची एक ताडपत्री होती, तात्यांच्या गंजीवर दुसरी. वाऱ्याने तात्यांची ताडपत्री एका बाजूने उचलू लागली. तात्यांनी ती गंजी बियाण्यासाठी राखली होती. आबांनी आपली ताडपत्री ओढून तिच्यावर टाकली, दगड लावले, दोर आवळला, आणि एवढे होईतो त्यांची स्वतःची गंजी भिजली. मी विचारले, आधी स्वतःची का नाही झाकली? "माझी माझी हाय. त्याची सांभाळाय दिल्याली हाय," एवढेच म्हणाले.

तात्या रविवारी रात्री मिरजेला उतरले आणि सोमवारी पहाटे घरी पोचले. चहा घेऊन थेट आबांच्या रानात गेले आणि दिवसभर त्यांचे सोयाबीन उलथेपालथे केले. त्याच सोमवारी, 9 तारखेला रात्री, भारताचा कोलंबियाशी सामना होता. तात्यांनी आबांना टीव्हीपुढे आणून बसवले. 82 व्या मिनिटाला मणिपूरच्या जॅकसन सिंगने डोक्याने गोल केला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! आबा उठून उभे राहिले. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल घातला आणि सामना 1-2 असा गेला. ज्या गोलासाठी तात्या दोन रात्री गाडीत बसून गेले, तो त्यांनी घरच्या घोंगड्यावर बसून बघितला. याबद्दल काकू त्यांना अजून बोलतात.

इथे बियाण्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. सोयाबीनचे बीज नाजूक. वरची साल पातळ. गंजी भिजून आत वाफ धरली की दाणा वरून बरा दिसतो, पण उगवण मरते. मळणीयंत्र जोरात फिरवले तरी तेच होते. म्हणून राखलेले बियाणे पेरण्यापूर्वी घरीच तपासावे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर शंभर दाणे ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल मोडू देऊ नये. सातव्या-आठव्या दिवशी निरोगी मोड मोजावेत. सत्तर किंवा वर निघाले तर एकरी नेहमीचे तीस किलो पेरावे. थोडे कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी निघाले तर ते बियाणे म्हणून वापरू नये.

2018 च्या मे महिन्यात दोघांचे बियाणे आम्ही याच रीतीने तपासले. तात्यांचे शंभरात 79 उगवले, आबांचे 38. तात्यांनी तिथल्या तिथे तीस किलोचे पोते आबांच्या सोप्यात नेऊन टाकले. पैशाची गोष्ट कुणी काढली नाही. त्या वर्षी आषाढी 23 जुलैला, म्हणून आबा पेरणी उरकून निघाले आणि कोळपणी-भांगलण तात्यांच्या वाट्याला आली.

काकूंचा उल्लेख वर ओझरता झाला, तो बरोबर नाही. गंजी आबा बघतात, पण दोन म्हशी, शेण आणि डेअरीची वेळ हे काकूंवरच पडते. "सामना ह्यांचा आणि शेण माझं," हे त्यांचे वाक्य. त्यांचे ऐकून तात्या गप्प बसतात, कारण बोलायला जागा नाही. म्हणूनच 2022 साली गोव्याचे निघाले तेव्हा त्यांनी अट घातली, "औंदा मी बी येनार."

मधली दोन वर्षे दोघेही घरीच होते. 2020 आणि 2021 साली पालख्या बसने गेल्या, पायी वारी नव्हती. आयएसएलचे सामनेही त्या दोन हंगामांत गोव्यातच, प्रेक्षकांविना झाले. 20 मार्च 2022 च्या अंतिम सामन्याला मात्र मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर लोकांना सोडणार होते. हैदराबाद विरुद्ध केरळ. हैदराबादच्या संघात अनिकेत, केरळच्या संघात त्याचाच दिल्लीचा सोबती राहुल के. पी. पुतण्याने गाडी काढली, पुढे तात्या, मागे काकू आणि मी. आजरा, आंबोली, सावंतवाडी असे उतरत गेलो.

सहाच्या सुमारास आम्ही फाटकाच्या रांगेत होतो. भोवती केरळची पिवळ्या अंगरख्यांतली पोरे, ढोल, पिपाण्या. तेवढ्यात आबांचा फोन. मोठी म्हैस पान्हा सोडेना. आबांचा हात तिला परका. काकूंनी फोन हातात घेतला, एक कान दाबून धरला आणि त्या गर्दीत उभ्या राहून म्हशीशी बोलू लागल्या. आबांनी फोन तिच्या कानाशी धरला होता. "हं माझे बाय, सोड, सोड..." शेजारचे मल्याळी पोरगे ढोल थांबवून बघत राहिले. पाच मिनिटांनी निरोप आला, सव्वातीन लिटर.

सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. केरळचा गोल राहुलनेच केला, हैदराबादने शेवटी शेवटी फेडला. पेनल्टीवर हैदराबाद 3-1 ने जिंकले. तात्यांनी परगावी पाहिलेला आणि आपला माणूस जिंकलेला एवढा मोठा सामना हा पहिलाच.

रात्रीच निघायचा बेत होता. पण सामन्याला मोटारसायकलवरून येणारे केरळचे दोन तरुण त्याच पहाटे कासरगोडजवळ ट्रकच्या धडकेत गेल्याची बातमी रांगेतच कळली होती. तात्या म्हणाले, "घाट रातचा उतरलो न्हाई, रातचा चढायचा बी न्हाई." मडगावात पुतण्याच्या मित्राच्या खोलीवर पाठ टेकली. सकाळी काकूंना कोलव्याचा समुद्र दाखवला. त्यांनी पाण्यात पाय घातला, दोन मिनिटे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, धारेची येळ चुकंल."

गावात पोचलो तर आबा गोठ्यापुढेच बसलेले. कोण जिंकले हे त्यांनी विचारले नाही. "औंदा वारी पायी सोडत्यात म्हणं," म्हणाले. तात्या म्हणाले, "सोडू देत की. मी हाय." त्या वर्षी माउलींची पालखी 21 जूनला आळंदीहून निघाली. पाऊस लांबला होता. दोन्ही रानांची पेरणी तात्यांनी जुलैत केली, आधी आबांचे रान, मग स्वतःचे.