मानसशास्त्रातून ऑक्युपेशनल थेरपीकडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटपाशी मोगऱ्याच्या माळा ओवणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. पक्षाघाताने तिचा डावा हात लुळा पडला, तर बाउरिंग रुग्णालय तिथून जवळच आहे. औषधं मिळतील, फिजिओथेरपीने खांदा-कोपर हलायला लागेल. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र विचारतो, ही बाई पुन्हा माळ कशी ओवणार? मग तो कामाचे तुकडे पाडतो: दोन कळ्या उचलणं, देठ जुळवणं, दोऱ्याचा फेरा, गाठ. दोरा पाटाला घट्ट बसवून एका हाताने गाठ मारता येईल का, बैठक किती उंच हवी, सुट्टे पैसे देताना हिशेब चुकतो का, हे सगळं त्याच्या कामात येतं. त्यामुळे ‘ही फिजिओथेरपीच, फक्त नाव वेगळं’ ही समजूत चुकीची आहे. हे काम हाडा-स्नायूंपुरतंही नाही. बंगळुरूच्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी बेकरी चालते, त्यामागेही कामातून माणूस उभा करण्याचाच विचार आहे.

मानसशास्त्र, समाजकार्य, अगदी संगणकशास्त्राचे पदवीधरसुद्धा या व्यवसायाकडे वळू पाहतात, आणि बहुतेकांची सुरुवातच एका चुकीच्या गृहीतकाने होते. ‘बी.ए. झालंय, आता ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करू.’ भारतात हे होत नाही. इथल्या एम.ओ.टी.ला त्याच विषयातली पदवी, म्हणजे बी.ओ.टी., लागते. त्या पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं, आणि महाराष्ट्रात हे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. मुंबईत केईएम, सायन आणि नायर, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यातली जुनी नावं. दुसऱ्या शाखेची पदवी घेतलेल्याला इथे पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, पण पैसे भरल्यानंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात वेगळी रीत आहे. तिथे कुठल्याही शाखेच्या पदवीधराला या व्यवसायात आणणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मात्र सर्वात महागडा घोटाळा इथेच होतो. ‘मास्टर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ असं नाव दिसलं की लोक अर्ज करून मोकळे होतात. अमेरिकेत एन्ट्री-लेव्हल आणि पोस्ट-प्रोफेशनल असे दोन प्रकार असतात. दुसरा प्रकार आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी आहे. त्यातून नव्या माणसाला परवाना मिळत नाही. ब्रिटनमध्ये ‘प्री-रजिस्ट्रेशन’ हा शब्द शोधा, कारण तिथे एचसीपीसी या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव आल्याशिवाय ही उपाधी लावता येत नाही. अमेरिकेत अभ्यासक्रमाला ‘अकोट’ (ACOTE) या संस्थेची मान्यता आहे का ते आधी तपासा. तिथे किमान चोवीस आठवड्यांचं पूर्णवेळ प्रत्यक्ष काम, मग एनबीसीओटीची परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना, अशी वाट आहे. ‘आता डॉक्टरेटशिवाय प्रवेशच नाही’ असंही सर्रास सांगितलं जातं. २०२७पासून तशी सक्ती करण्याचं २०१७ साली ठरलं होतं खरं, पण तो निर्णय पुढे मागे पडला आणि मास्टर्सची वाट खुली राहिली.

मानसशास्त्राची पदवी असली की तयारी झाली, हाही भ्रम. अमेरिकी विद्यापीठं साधारणपणे प्रयोगशाळेसह शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र, विकासाचं मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र आणि समाजशास्त्र मागतात. यातले दोन-तीन विषय मानसशास्त्रवाल्यांच्या गाठीला असतात, शरीररचना बहुधा नसते. हे विषय किती वर्षांपूर्वीचे चालतात, ऑनलाइन प्रयोगशाळा चालते का, हे विद्यापीठागणिक बदलतं. म्हणून अर्जाच्या निदान वर्षभर आधी निवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाची यादी काढून आपली गुणपत्रिका तिच्याशी ताडून पाहा.

आधीचं शिक्षण वाया जातं किंवा आता उशीर झाला, असं मात्र मुळीच समजू नका. या व्यवसायाची भारतातली पहिली शाळा १९५० साली केईएममध्ये सुरू केली ती कमला निंबकरांनी. न्यू जर्सीत जन्मलेली एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आली, कमला झाली, आणि ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण तिने पुढे प्रौढ वयात घेतलं. १९५२मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, यामागेही त्यांचेच कष्ट आहेत. उशिरा वळलेल्या माणसाने इथे पाया घातला, हे मला फार मोलाचं वाटतं.

परदेशी जाणं परवडत नसेल, तर पुनर्वसनाच्या कामात शिरायला हा एकच हुद्दा नाही. गुणांची अट पूर्ण करणाऱ्या पदवीधराला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणाचं बी.एड. करता येतं, एम.एस.डब्ल्यू.ही आहे. हुद्दा वेगळा असेल, पण काम पुनर्वसनाची गरज असलेल्या मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबतच असेल.

आणि निर्णयाआधी एक काम नक्की करा: थेरपिस्टच्या शेजारी बसून निरीक्षण. लहान मुलांचं केंद्र, हातांच्या उपचारांचा विभाग, मानसिक आरोग्य, असे निदान दोन वेगळे विभाग पाहा. थेरपिस्टची परवानगी, रुग्णाची संमती घ्या, रुग्णाचं नाव कुठेही लिहू नका. तारीख, तास, काय पाहिलं आणि थेरपिस्टची सही अशी वही ठेवा. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं अर्जासोबत हे तास दाखवायला सांगतात.