जॅक कुठं लावायचा?

विजेवरची गाडी दुकानासमोर येऊन थांबली की पंक्चरवाला बॉनेटकडं बघतही नाही. मोटर, इन्व्हर्टर, चार्जिंग यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तो चाकापाशी उकिडवा बसतो, टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवतो, रुतलेल्या खिळ्याचं डोकं नखानं चाचपतो आणि मान वर करून विचारतो, ‘‘साहेब, हिला जॅक कुठं लावायचा?’’

बहुतेक मालकांना याचं उत्तर देता येत नाही. माझ्या मते मात्र हा प्रश्न विचारणारा माणूस कसबी समजावा. धोका न विचारणाऱ्याकडून आहे. पेट्रोलच्या गाडीखाली ट्रॉली जॅक सरकवून जिथं जाडजूड काही लागेल तिथून गाडी उचलायची, अशी वर्षानुवर्षांची सवय हाताला असते. विजेच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली बहुतेक जागा बॅटरीच्या सपाट पेटीनं व्यापलेली असते. गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच, आणि जमिनीच्या सर्वांत जवळही तोच. जॅकचं लोखंडी तोंड त्या पेटीखाली लागलं आणि वर दीड-दोन टनांचा भार आला, तर पत्रा चेपतो, आतल्या सेलना इजा होऊ शकते. दीडशे रुपयांच्या कामात लाखांचं नुकसान होतं. म्हणून जॅक लावायचा तो गाडीच्या कडेला, उंबऱ्याखालच्या पट्टीवर कंपनीनं खाच पाडून किंवा खूण करून ठेवलेल्या जागीच. काही गाड्यांत तिथं भोक असतं आणि त्यात बसणारा रबराचा गोल ठोकळा वेगळा विकत घ्यावा लागतो. जुलै 2025 मध्ये मुंबईत विक्री सुरू झालेल्या टेस्लाच्या मॉडेल वायलाही असाच ठोकळा लागतो.

आणखी एक सावधगिरी आहे. पेट्रोलचं इंजिन चालू असलं की घरघरतं. विजेची गाडी ‘चालू’ स्थितीतही मुकी असते. चालकानं पार्किंगचा गिअर टाकून, हँडब्रेक लावून, गाडी पूर्ण बंद करून किल्ली खिशात घालून दूर उभं राहावं. खाली हात घालणाऱ्या माणसाला आवाजावरून काही कळणार नसतं.

एवढं सांभाळलं, तर पुढचं काम त्याच्या ओळखीचं आहे. भोक ते भोकच, खिळा तोच. विजेच्या गाडीचं पंक्चर काढणं हे काही निराळं शास्त्र नाही. मात्र साध्या गाडीत खपून गेलेली हयगय इथं खपत नाही, आणि त्याचं पहिलं कारण वजन. त्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची गाडी सहज दोन-तीनशे किलोनं जास्त भरते. मॉडेल वाय दोन टनांच्या आसपास जाते, म्हणजे एकेका चाकावर पाचशे किलोंचा बोजा. शिवाय मोटरचा जोर पॅडल दाबताक्षणी पूर्ण मिळतो आणि पाय उचलला की तीच मोटर गाडी मागं खेचून बॅटरी भरते. टायर दोन्ही बाजूंनी ओढला जातो. म्हणून अशा गाड्यांसाठी जास्त भार पेलणारे टायर बनवतात. त्यांच्यावर ‘एक्सएल’ किंवा अलीकडं ‘एचएल’ अशी खूण असते. अपोलोनं 2022 मध्ये खास विजेच्या गाड्यांसाठी अॅम्पेरियन आणला, सीएटचा एनर्जीड्राइव्ह आहे. टायर बदलायची वेळ आली, तर नुसतं माप जुळवून स्वस्तातला टायर चढवू नये, भाराचा आकडाही जुळवावा.

या वजनामुळं हवा गेलेल्या चाकावर गाडी रेटणं फार महागात पडतं. ‘जवळच दुकान आहे, हळूहळू नेतो’ म्हणत एखादा किलोमीटर चालवलं, तरी साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात भरडली जाते. बाहेरून टायर धडधाकट दिसतो. रिमवरून उतरवला की आतून काळा रबराचा भुगा बाहेर पडतो. तो भुगा दिसला की चांगला कारागीर पंक्चर काढायला नकार देतो. त्याच्या नकारावर विश्वास ठेवावा, धंद्यासाठी तो नवा टायर गळ्यात मारतोय असं समजू नये.

मग स्टेपनी लावायची? ती बऱ्याच विजेच्या गाड्यांत नसतेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल, तर जादा चाक देण्याची सक्ती उरली नाही. वाचलेल्या जागेत मोठी बॅटरी बसवता येईल, असं कारण त्या वेळी मंत्रालयानंच दिलं होतं. कंपनीच्या दृष्टीनं हिशेब बरोबर आहे, वजन आणि जागा दोन्ही वाचतात. रस्त्यात अडकलेल्या कुटुंबाच्या दृष्टीनं तो तितकासा बरोबर नाही. भंडाऱ्याहून रात्री निघालेल्या माणसाच्या हाती डिकीतली एक बाटली आणि मूठभर आकाराचा पंप एवढंच उरतं.

त्या बाटलीत पांढरट चिकट द्रव असतो. पंपाची वायर गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटला जोडायची, व्हॉल्व्हमधून द्रव आणि हवा आत सोडायची, मग थोडं अंतर सावकाश चालवून तो आतून पसरू द्यायचा आणि दाब पुन्हा तपासायचा. नक्षीतलं खिळ्याएवढं भोक यानं बुजतं. साइडवॉल चिरली असेल तर काहीच बुजत नाही. बाटलीवर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी 80 किलोमीटर, आणि मुदतही छापलेली असते, ती कुणी बघत नाही. ही दुरुस्ती दुकानापर्यंत पोचण्यापुरती. दुकानात गेल्यावर आधी सांगायचं, ‘‘दादा, आत द्रव टाकलाय.’’ तो धुऊन पुसून काढल्याशिवाय पॅच धरत नाही आणि व्हॉल्व्हपाशी बसवलेला दाबाचा सेन्सरही त्यानं तुंबू शकतो.

आता खरं काम. आपल्याकडं ट्यूबलेसचं पंक्चर म्हणजे स्ट्रिप, असंच समीकरण झालंय. पक्कडीनं खिळा उपसायचा, कानशीसारख्या टोच्यानं भोक मोठं करायचं, सोल्युशन लावलेली रबरी दोरी सुईत ओवून आत खुपसायची, सुई झटक्यात ओढून बाहेरचं टोक कापायचं. चाकसुद्धा उतरवावं लागत नाही, दहा मिनिटांत गाडी मोकळी. याची उपयुक्तता मी नाकारत नाही, आडरस्त्यावर हीच दोरी घरी पोचवते. पण टायरच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा पातळ रबराचा थर असतो, तो या पद्धतीत फाटलेलाच राहतो. भोकातून हळूहळू ओल शिरते, पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत जाते आणि त्या गंजतात. शिवाय टायर उघडलाच नाही, तर आत काय झालंय हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून टायर कंपन्या नुसत्या स्ट्रिपला कायमची दुरुस्ती मानत नाहीत.

कायमची दुरुस्ती आतून होते. दुकानांत तिला मश्रूम म्हणतात: रबराची गोल चकती आणि तिच्या मधोमध दांडा. दांडा भोक भरतो, चकती आतला थर बंद करते. हे काम नीट होताना एकदा थांबून पाहावं. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, मग जॅक. चाक सुटलं की साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते बघतात, तिथं खडूची खूण. दुसरी खूण व्हॉल्व्हसमोर टायरवर, म्हणजे परत बसवताना टायर त्याच जागी येतो. मशिनवर बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसलेली कड, मोडताना सेन्सर कुठं आहे ते ध्यानात ठेवावं लागतं, पातं त्यावर पडलं की तो गेला. टायर उतरल्यावर आतून बोटं फिरवून तपासणी, कधीकधी दुसराच एखादा चुका सापडतो. मग भोकाभोवतीचा आतला थर घासायचा, तो हलक्या हातानं, कारण जास्त घासलं की खालचे धागे उघडे पडतात. खिळा ज्या तिरकस दिशेनं गेला असेल त्याच दिशेनं भोक साफ करायचं. धूळ पूर्ण काढायची. मग सोल्युशन.

आणि मग थांबायचं. सोल्युशन ओलं असताना चकती लावली तर ती घसरते, अडकून पडलेला द्रावक तिला धरू देत नाही. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतकं ते वाळलं पाहिजे. घाईचं गिऱ्हाईक इथंच काम बिघडवतं. या वाळण्याच्या वेळेनं मोठा इतिहास घडवलाय. 1889 साली फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेरां गावी मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार डनलॉपचा पंक्चर झालेला टायर घेऊन आला. तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असे. तो काढून दुरुस्त करायला तीन तास गेले आणि गोंद वाळायला अख्खी रात्र. त्या खटाटोपातून एदुआर मिशेलिननं झटपट काढता-घालता येणारा टायर बनवला आणि 1891 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तोच वापरून जिंकला. एक पंक्चर काढायला वेळ लागला म्हणून ती कंपनी टायरच्या धंद्यात उतरली. पुढं 29 एप्रिल 1899 रोजी बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं पॅरिसजवळच्या आशेर इथं ताशी 105.88 किलोमीटरचा वेग गाठला. ताशी शंभर ओलांडणारी ती पहिली मोटार. ती बॅटरीवर चालणारी होती आणि तिला मिशेलिनचे हवेचे टायर होते.

सोल्युशन वाळलं की दांडा आतून बाहेर खेचून घेतात, चकती बसते. दातेरी रोलरनं मध्यापासून कडेकडं दाबत जायचं, खाली हवेचा फुगा राहता कामा नये. बाहेर आलेला दांडा नक्षीलगत छाटायचा. टायर चढवून हवा भरायची, परत साबणाचं पाणी, मग बॅलन्सिंग. नट कसताना लांब पान्यावर पाय देऊन उभं राहायची पद्धत सोडावी, मॉडेल वायच्या नटांना 175 न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगितलेला आहे आणि तो मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो.

विजेच्या काही गाड्यांत टायर उघडल्यावर कारागीर चमकतो. आत सगळीकडून करड्या फोमचा जाड पट्टा चिकटवलेला दिसतो. इंजिनचा आवाज नसल्यामुळं टायरचा घुमणारा आवाज जास्त जाणवतो, तो शोषायला हा फोम. बाटलीतला द्रव असा टायर नीट बंद करू शकत नाही, फोमच तो पिऊन टाकतो. पॅच लावायचा तर भोकाभोवतीचा फोमचा तुकडा सुरीनं कापून, खालचा चिकट थर खरवडून आधी जागा मोकळी करावी लागते. तुकडा नंतर परत चिकटवता येतो. नाहीच चिकटवला तरी बाकीचा पट्टा आवाज शोषत राहतो. फोम पाहून ‘हा टायर दुरुस्त होत नाही’ असं सांगणारे भेटतात. होतो. भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल, तर बिनदिक्कत होतो. खांद्यावर किंवा साइडवॉलला असेल, तर कुठलाच होत नाही. काही टायरांत याउलट आतून चिकट थर असतो, खिळा शिरला की तो स्वतःच भोवती बसतो, चालकाला पत्ताही लागत नाही.

काहीच जमलं नाही तर गाडी उचलून न्यावी लागते. ती सपाट गाड्यावर चढवूनच न्यावी. विजेच्या गाडीत मोटर चाकांना कायम जोडलेली असते. चाकं जमिनीवर फिरवत ओढली, तर मोटर वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणेला इजा होऊ शकते.

सप्टेंबर 2025 मध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगरजवळ रात्री काही गाड्या पंक्चर होऊन थांबल्या. भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांची टोकं रस्त्याच्या वर आलेली होती. तो महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, कडेनं बंदिस्त आहे. जुन्या हमरस्त्यावर दर काही अंतरावर टांगलेला टायर आणि कॉम्प्रेसरची धडधड असते. तशी दुकानं तिथं रस्त्याच्या कडेला थाटता येत नाहीत. स्टेपनी नसलेल्या गाड्या अशाच रस्त्यांवर सर्वांत वेगानं धावणार आहेत.

आणि जिथं दुकान आहे, तिथल्या माणसाला कुणी काही शिकवलेलं नाही. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची कित्येक दुकानं केरळातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या माणसांनी थाटली. ट्यूब जाऊन ट्यूबलेस आला, तेव्हा तो बदल त्यांनी एकमेकांचं बघून आत्मसात केला. विजेच्या गाडीचंही ते शिकतील. पण दर वेळी एखाद्याची बॅटरी चेपून शिकावं लागू नये. रांजणगावात नेक्सॉन ईव्ही बनते, चाकणला महिंद्राच्या विजेच्या गाड्या बनतात. कारखान्याच्या फाटकापासून काही मैलांवरच्या पंक्चरवाल्याला जॅकच्या जागा दाखवणारा मराठी-हिंदीतला एक कागद मिळू नये, हे मला पटत नाही. अशा गाड्यांच्या कंपन्यांनी आपल्या सर्व्हिस सेंटरांपुरतं प्रशिक्षण न ठेवता ते या दुकानांपर्यंत न्यायला हवं. रात्री दोन वाजता गिऱ्हाईक त्यांच्याकडंच जाणार आहे.

तोवर मालकांनी एवढं करावं. आपल्या गाडीच्या जॅकच्या जागा आजच दिवसाउजेडी वाकून पाहून घ्याव्यात, त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, ठोकळा लागत असेल तर तो डिकीत टाकावा. बाटलीवरची मुदत वाचावी. पंक्चर झालंच तर स्ट्रिपवर न भागवता मश्रूम मागावा, त्याचे जास्तीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि सोल्युशन वाळेपर्यंत त्या माणसाला घाई करू नये.