ग्रीष्म ऋतुचर्या आणि सातपूरचा कामगार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा प्रसंग घर्मकाळातला आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी फिरताना भगवान पुनर्वसु आत्रेय ऋतूंची विकृती पाहतात आणि भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवण्यास शिष्यांना सांगतात. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले, की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हे विवेचन त्यानंतर येते. हा अध्याय परीक्षेसाठी आपण सर्वांनीच वाचला. त्यातील पूर्वतयारीची आज्ञा मात्र आपल्या व्यवहारात फारशी उतरलेली दिसत नाही. आपली उन्हाळ्याची तयारी म्हणजे वाळ्याचे सरबत आणि गुलकंद दर्शनी फळीवर मांडणे, एवढीच राहिली आहे.

कालविकृतीसाठी आता ग्रंथाचा दाखला देण्याची गरज उरलेली नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. नाशिक हे थंड हवेचे शहर, ही समजूत जुनी असून आपल्यापैकी अनेकांनी येथे चिकित्सालय थाटताना तिचाही विचार केला असेल. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हे आता नवल राहिलेले नाही. शिवाय मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्यावाचून उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. सातपूर औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीपुढे किंवा पावडर कोटिंगच्या ओव्हनजवळ उभ्या असलेल्या माणसाला हा निकष लागू पडत नाही. बाहेर ३७ अंश असताना तो कितीतरी अधिक उष्णतेत आठ तास, जादा काम असल्यास बारा तास काढतो.

अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मात वर्ज्य करावयाच्या पाच गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: लवण, कटु आणि अम्ल हे रस, व्यायाम आणि सूर्यकिरण. या पाचांचा परस्परसंबंध लक्षात घेतला पाहिजे. जो व्यायाम करणार नाही, उन्हात जाणार नाही, दुपारी शीतगृहात विश्रांती घेईल, त्याने लवण कमी करावे, हे युक्तियुक्तच आहे. परंतु ज्याला व्यायाम सोडता येत नाही, त्याला लवण मात्र सोडावयास सांगणे म्हणजे अर्धे सूत्र पाळणे होय. कष्टाच्या कामात घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. असा रुग्ण तहान भागविण्यासाठी केवळ साधे पाणी भरपूर पितो आणि तिसऱ्या प्रहरी पोटऱ्यांत गोळे, शिरःशूल, हृल्लास अशी लक्षणे घेऊन आपल्यापुढे येतो. ‘उष्णता वाढली आहे, मीठ-आंबट बंद करा’ हा ठरावीक सल्ला त्याच्या बाबतीत अपथ्यच ठरतो. देश, काल, बल यांबरोबर रुग्णाचे कर्म विचारल्याविना ग्रीष्मात पथ्य सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात उच्च रक्तदाब, हृद्रोग किंवा वृक्कविकार असलेल्यास सरसकट मीठ वाढविण्यास सांगणे तितकेच घातक आहे.

याच अध्यायात शर्करायुक्त सक्तूचाही उपदेश आहे. सातपूरमधील बिहारी कामगार डब्यात सत्तू आणतो, त्यात मीठ व कांदा घालतो. ऋतुचर्या न वाचताही त्याने ती आपल्या कामाला जुळवून घेतली आहे. खानदेशातून आलेल्या कुटुंबांना ताक आणि कैरीचे पन्हे यांची सवय असतेच. या गोष्टी रुग्णाला सुचविणे सोपे, कारण त्या त्याच्याच घरच्या आहेत. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक औषधविक्रेत्याला तोंडपाठ असावे. चमचा चहाचा, हे आवर्जून सांगावे. ओआरएस या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी आणली, ती योग्यच होती. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहूनच ती विकावी.

पाणी न पिण्याचे एक कारण आपण क्वचितच विचारतो. शौचालय दूर किंवा अस्वच्छ असल्याने कामगार, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणेच टाळतात. मूत्रकृच्छ्र व अश्मरीच्या रुग्णांत हा हेतू मला वारंवार आढळला आहे. अशा ठिकाणी केवळ गोक्षुरादि गुग्गुळ देऊन हेतू तसाच ठेवल्यास निदानपरिवर्जन झाले, असे म्हणता येणार नाही.

आता उष्माघाताविषयी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश नोंदले गेले होते. हवेतील आर्द्रता अधिक असली, की घाम वाळत नाही व शरीर थंड होत नाही. म्हणूनच ‘घाम येतो आहे, तेव्हा उष्माघात नव्हे’ हे अनुमान फसवे आहे. श्रमजन्य उष्माघातात त्वचा ओलीही असू शकते. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांवर आणि जोडीला भ्रम, असंबद्ध बोलणे, आक्षेपक किंवा मूर्च्छा, एवढे निदानास पुरेसे आहे. काखेतील तापमापकावर विसंबून वेळ दवडू नये.

येथे आपले पहिले औषध पाणी होय. कपडे सैल करून अंगावर थंड पाणी ओतत राहावे, पंख्याचा वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकास कळवावे. सातपूरमध्ये राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. तरी रुग्णवाहिका येईपर्यंत शीतोपचार थांबता कामा नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात सरबत, प्रवाळपिष्टी वा चंद्रकला रस काहीही घालू नये. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. कामदुधा, उशीरासव, सारिवा, षडंगपानीय यांचे क्षेत्र दाह, तृष्णा व नंतरचे दौर्बल्य हे आहे आणि तेथे त्यांचा उत्तम उपयोग होतो. आसव देताना पुरेसे पाणी मिसळावे; ग्रीष्मात मद्याविषयी वाग्भटाचार्यांनी दिलेला इशारा आसवांसही विसरून चालणार नाही.

अहमदाबादेत मे २०१० मधील लाटेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि नंतरच्या अभ्यासात त्या महिन्यात १,३४४ अतिरिक्त मृत्यू आढळले. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये कृती आराखडा केला, त्यात वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण उन्हाळ्यापूर्वी आटोपण्यावर भर होता. आपल्यालाही फाल्गुनातच काही करता येईल. मूत्रल, बीटा-ब्लॉकर किंवा मानसविकारांवरील औषधे नियमित घेणाऱ्या कामगारांची यादी चिकित्सालयात सहज निघते; ती औषधे परस्पर बंद न करता मूळ चिकित्सकाकडे फेरविचारासाठी पाठवावे. गावाकडील लग्नकार्य उरकून परतलेल्या आणि नव्याने भरती झालेल्या कामगाराचे शरीर उष्णतेला सात ते चौदा दिवसांत सरावते. पहिल्या आठवड्यात त्याला भट्टीवर पूर्ण पाळी देऊ नये, असे ओळखीच्या कारखानदाराला सांगण्यात संकोच कशाला?

औषधविक्रेत्यांनी स्वतःच्या गोदामात तापमापक लावावा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेली आसवे, घृते व अवलेह वैशाखात कोणत्या तापमानास राहतात, ते एकदा दुपारी तीन वाजता वर चढून पाहावे.