मॉरिशसचे चार पट्टे आणि चार धर्मांची भाकडकथा

१२ मार्च, म्हणजे मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला की आमच्या भागात एक संदेश फिरायला लागतो. मॉरिशसच्या झेंड्यावर चार पट्टे आहेत, कारण तिथे चार धर्म नांदतात: तांबडा हिंदूंचा, निळा ख्रिस्ती लोकांचा, पिवळा बौद्धांचा, हिरवा मुसलमानांचा. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या गेटवर हे ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, आणि आता एका शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी रंगवलेल्या तक्त्यावरही वाचले. तक्त्यावर रंगांचा क्रम बिनचूक होता. खाली लिहिलेले चारही अर्थ मात्र चुकीचे होते.

मॉरिशस सरकारने दिलेला अर्थ असा आहे. तांबडा रंग स्वातंत्र्यासाठी केलेल्या लढ्याचा. निळा हिंदी महासागराचा, ज्याच्या मधोमध हे बेट आहे. पिवळा स्वातंत्र्याच्या नव्या प्रकाशाचा. आणि हिरवा तिथल्या शेतीचा, बाराही महिने टिकणाऱ्या हिरवाईचा. यात कुठल्याही धर्माचे नाव नाही.

मग चार धर्म आले कुठून? या गैरसमजाला एक आधार आहे, म्हणून तो इतका चिवट आहे. मॉरिशसच्या राज्यघटनेत लोकसंख्येचे चार समूह मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि या तिन्हींत न बसणारे ते 'सर्वसाधारण'. संसदेत एखादा समूह मागे पडू नये म्हणून आठ जागा राखल्या, त्या वाटण्यासाठी ही विभागणी केली. पट्टे चार आणि समूहही चार, एवढे पाहून कोणीतरी दोन्हींची सांगड घातली. पण ती सांगड पहिल्याच प्रश्नाला निसटते. चिनी समूहाला बौद्ध धरून पिवळा पट्टा दिला म्हणावे, तर तिथल्या चिनी वंशाच्या लोकांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत. देशाच्या लोकसंख्येत बौद्ध एक टक्काही नाहीत. मग पिवळा पट्टा कोणाचा? आणि तिथल्या मराठी माणसाने स्वतःचा पट्टा कुठे शोधायचा? घटनेत तो हिंदूंमध्ये मोजला जातो. त्याचे पूर्वज १८३४ नंतरच्या काळात मुंबई बंदरातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर म्हणून गेले, रत्नागिरीकडचे, सातारा-कोल्हापूरकडचेही. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर असे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. उसाच्या फडात राबलेल्या त्या माणसांची आठवण ज्या पट्ट्यात सर्वांत जवळून सापडते, तो शेतीचा हिरवा पट्टा आपण एका धर्माच्या नावावर करून टाकतो, याचा मला राग येतो.

दुसरी एक गोष्ट खुद्द मॉरिशसमध्येही सांगतात: हे रंग स्वातंत्र्याच्या वेळच्या चार पक्षांचे आहेत. तांबडा मजूर पक्षाचा आणि निळा गाएतां दुवाल यांच्या पक्षाचा, हे खरे. पण दुवाल यांचा पक्ष तर तेव्हा स्वातंत्र्याच्या विरोधात होता. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूला पडली होती. अशा दुभंगलेल्या देशात विरोधकांनाही झेंड्यात आपला रंग दिसला असेल तर ते चांगलेच झाले. तरी तो लोकांनी लावलेला अर्थ आहे, अधिकृत नव्हे.

रंग दिसला की धर्म शोधायची ही सवय आपण घरूनच नेतो. १९२१ मध्ये गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा होता, हे खरेच. पण त्यावरून वाद झाले, आणि ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा झेंडा स्वीकारताना ठरावातच लिहिले की या रंगांना जातीय अर्थ नाही. त्याला नव्वद वर्षे उलटली. तरी १५ ऑगस्टच्या भाषणांत 'केशरी म्हणजे हिंदू' ऐकू येतेच. स्वतःच्या तिरंग्याचे आपण हे करतो, तिथे मॉरिशसच्या झेंड्याचे काय होणार!

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. झेंड्यावर डोडो पक्षी आहे, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. तो राजमुद्रेवर आहे, समोर सांबर आहे आणि दोघांजवळ उसाची कांडी आहे. हिरवा म्हणजे फक्त ऊस, असेही नाही. अर्थ सगळ्या शेतीचा आहे, मात्र त्या शेतीत ऊसच मोठा. १९९२ मध्ये प्रजासत्ताक होताना झेंडा बदलला, हेही चूक, १२ मार्च १९६८ ला पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरवून चढवला तोच आजही आहे. आणि इंग्रजांनी तो आखून दिला, हे तर साफ खोटे. झेंडे-राजमुद्रा नोंदणाऱ्या लंडनच्या संस्थेत त्याची नोंद जानेवारी १९६८ मध्ये झाली, एवढाच त्यांचा संबंध.

झेंड्याची आखणी गुरुदत्त मोहेर यांची. ते प्राथमिक शिक्षक होते. २०१७ मध्ये ते वारले, आणि सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला तो मार्च २०१८ मध्ये, मरणोत्तर. तेव्हा तक्ते करून घेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे: चित्राखालचे चार धर्म खोडा, समुद्र, शेती, लढा आणि प्रकाश लिहा, आणि कोपऱ्यात या शिक्षकाचे नाव घाला.