मोजायचं कुणी?

जावास्क्रिप्ट शिकायला घेतलेल्या मुलांना ॲरे पटकन समजतो. वांगी, भेंडी, गवार, मेथी अशी नावं एका ओळीत मांडायची आणि पहिल्या नावाला शून्य क्रमांक द्यायचा. गाडी अडते ती ओळीतलं एकेक नाव हातात घेताना. त्यासाठी आज पाच-सहा मार्ग आहेत आणि शिकवणारा प्रत्येकजण वेगळ्याच मार्गाने सुरुवात करून देतो. हे मार्ग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून आले. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता: फेऱ्या मोजायच्या कुणी?

ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तिचं वळण सी आणि जावाचं, त्यामुळे फॉर लूपही तिथूनच आला. आय शून्यापासून सुरू करायचा, तो लांबीपेक्षा कमी आहे तोवर फिरायचं, दर फेरीला एक वाढवायचा. इथे मोजणी सगळी आपल्याकडे. चार भाज्यांची लांबी चार, पण शेवटचा क्रमांक तीन. अटीत ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ लिहिलं की पाचवी फेरी होते. जावा अशा वेळी तक्रार करून तिथेच थांबते. जावास्क्रिप्ट काही न बोलता अनडिफाइन्ड हातावर ठेवते. किमतींची बेरीज चालू असेल तर उत्तर नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’, असं येतं आणि शिकणारा बेरजेच्या ओळीकडे बघत बसतो, चूक मात्र अटीत असते. म्हणून नवशिक्याने हा लूप एकदा तरी कागदावर चालवून पाहावा. आयचा रकाना, किमतीचा रकाना, बेरजेचा रकाना. यात जाणारा अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो.

फॉर-इन दिसायला सोपा, पण तो ॲरेसाठी नाहीच. तो मूल्यं देत नाही, क्रमांक देतो, आणि तेही अक्षररूपात. त्या शून्यात एक मिळवला तर एक येत नाही, ‘०१’ येतं. २००५च्या सुमारास प्रोटोटाइप नावाची लायब्ररी सगळ्या ॲरेंना स्वतःच्या मेथड जोडायची, तेव्हा भाज्यांच्या यादीत त्या मेथडही फॉर-इनमधून बाहेर पडायच्या. ॲरेसाठी तो वापरू नये.

फॉरइच आधी फायरफॉक्समध्ये दिसला आणि डिसेंबर २००९मध्ये ईएस-फाइव्हबरोबर प्रमाणभाषेत आला. मोजणी मेथडकडे गेली, आपण फक्त प्रत्येक घटकाचं काय करायचं ते सांगायचं. किंमत अशी की मध्येच ब्रेक करता येत नाही. रिटर्न लिहिलं तरी तेवढी एक फेरी संपते, पुढच्या चालूच राहतात. त्याच्याच बरोबरीचे मॅप आणि फिल्टर नवा ॲरे बनवून देतात. नुसतं कन्सोलवर छापायला मॅप वापरणं सर्रास दिसतं, पण तो नवा ॲरे कुणी घेणारच नसेल तर फॉरइच पुरे. सगळ्या घटकांचं मिळून एकच मूल्य करणाऱ्या रिड्यूसची घाई पहिल्या महिन्यात करू नये. साध्या बेरजेला साधा लूपच वाचायला सोपा.

जून २०१५मध्ये फॉर-ऑफ आला आणि मला तो रोजच्या वापराला सगळ्यांत योग्य वाटतो. तो थेट मूल्य देतो, ब्रेक मानतो, अवेटही मानतो. फॉरइच अवेटसाठी थांबत नाही, त्यामुळे सर्व्हरकडून एकामागून एक माहिती मागवायची असेल तर फॉर-ऑफ किंवा साधा फॉर हवा. क्रमांकही हवा असेल तर एंट्रीज जोडीला घ्यावं.

मोजणी नजरेआड झाली तरी ती आत चालूच असते. भाज्यांवर फॉर-ऑफ फिरवताना भेंडी आली की ती स्प्लाइसने काढून टाका. गवार सरकून भेंडीच्या जागी, म्हणजे क्रमांक एकवर, येते. आतला मोजणारा मात्र क्रमांक दोनवर गेलेला असतो आणि तिथे आता मेथी असते. गवारीवर फेरी होतच नाही. कुठली चूक दिसत नाही, प्रोग्राम थांबत नाही. ज्याने फॉर कागदावर चालवला आहे त्याला हे लगेच उमगतं. उपाय दोन: साध्या फॉरने शेवटाकडून सुरुवातीकडे यावं, म्हणजे सरकलेले घटक आधीच पाहून झालेले असतात. किंवा काढण्याऐवजी फिल्टरने हव्या त्या भाज्यांचा नवा ॲरे करावा आणि जुना तसाच राहू द्यावा.